उरलेलं मन रचतं

सूनबाई, तू सांगलीची आणि आमचं घर जबलपूरच्या कांचघरचं. घरात मराठी, गल्लीत हिंदी, तुझ्या ऑफिसात इंग्रजी, आणि घमापूरकडच्या म्हाताऱ्या भाजीवालीशी बोलायचं तर थोडी बुंदेली. एवढ्या भाषा एका दिवसात हाताळायच्या म्हटल्यावर तुला वाटत असेल, गैरसमज झाले तर त्यामुळेच होणार. थोडे होतील. पण मोठे गैरसमज होतात ते एकच भाषा बोलणाऱ्या, एकाच ताटात जेवणाऱ्या माणसांत. बोलणारा अर्धं बोलतो, ऐकणारा उरलेलं आपल्या मनाने भरतो, आणि दोघंही समाधानाने उठतात. खोट कुणाच्याच मनात नसते. माणसाचं डोकंच असं चालतं. ते कसं चालतं हे माहीत असलं की पुष्कळ रडारड टळते, म्हणून हे मंत्र लिहून ठेवतेय. एका बैठकीत वाचू नकोस, लागेल तसं वाच.

१. “समजलं ना?” असं कुणाला विचारू नकोस, “मग आता काय काय करायचं, सांग बरं” असं विचार — “समजलं ना”ला सगळे “हो” म्हणतात आणि मनापासून म्हणतात, कारण चुकीचं समजलेलंही आतून अगदी बरोबर समजल्यासारखंच वाटतं.

२. तुला माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही असं धरूनच सांगायला बस — सांगणाऱ्याचं सोपं ते ऐकणाऱ्याचं कोडं.

हा दुसरा मंत्र पटत नसेल तर आज जेवणं झाल्यावर एक करून बघ. गणपतीची आरती मनातल्या मनात म्हण, तिचा ठेका बोटांनी टेबलावर वाजव आणि धाकट्या दिराला ओळखायला सांग. तुला झांजांसकट सगळी आरती ऐकू येत असेल, त्याला नुसती टकटक. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने १९९० साली आपल्या प्रबंधासाठी हाच प्रयोग केला होता. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखतील. १२० गाणी वाजवली, ओळखली गेली ३. आणि गंमत अशी की वाजवणाऱ्यांना समोरच्याचं नवल वाटत होतं, एवढं सोपं कसं ओळखता येत नाही म्हणून! “मघाचं ते तिकडच्या डब्यात टाक” असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं हेच होतं. आपल्या कानात आरती, समोरच्याच्या कानात टकटक.

३. म्हणून “ते”, “तिकडे”, “त्यांचं”, “मघाचं” हे शब्द कमी वापर, वस्तूचं आणि माणसाचं नाव घे — “ते आले होते” म्हणताना तुझ्या डोळ्यांपुढे गॅसवाला असतो आणि सासूबाईंच्या डोळ्यांपुढे त्यांचे व्याही.

४. दीर “आम्ही ग्वारीघाटला चाललोय” म्हणाले तर रुसण्याआधी “मी पण येऊ?” एवढं विचार — तुमच्या सांगलीत “आपण जाऊ” म्हटलं की ऐकणारा त्यात आला आणि “आम्ही जाऊ” म्हटलं की तो वगळला; इकडच्या हिंदीत दोन्हीला एकच “हम”, शिवाय एकटा माणूसही स्वतःला “हम” म्हणतो, त्यात वाढलेल्या पोरांच्या “आम्ही”त वगळण्याचा भाव नसतो.

५. सासूबाई फोनवर “मी जेवून राहिले” म्हणाल्या तर त्या जेवत आहेत एवढाच अर्थ घे, त्या जेवून तुझ्यासाठी थांबल्यात असं समजून घाईघाईने रिक्षा करू नकोस — हिंदीतल्या “खा रही हूँ”च्या साच्यात आमच्याकडची आणि नागपूरकडची मराठी कधीच बसली आहे.

यात आपली भाषा बिघडली असं मी मानत नाही. तुझ्या माहेरजवळच्या कुपवाडचंच बघ. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली त्या गावावर लिहिलं. गावात मराठी, कानडी, उर्दू आणि थोडी तेलुगू. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून लोकांनी शब्द आपापल्या घरचे ठेवले, पण वाक्याची बांधणी हळूहळू सारखी करून टाकली. शेजारधर्म भाषेतही मुरतो. आपण फक्त एवढं ध्यानात ठेवायचं की शब्द ओळखीचा वाटला म्हणून त्याचा अर्थही आपल्या माहेरचाच असेल असं नाही. अनोळखी शब्दाला आपण थांबतो, विचारतो. ओळखीच्या शब्दाशी मात्र न थांबता पुढे जातो, आणि तिथेच फसगत होते.

६. “तू येणार नाहीस ना?” याला नुसतं “हो” किंवा “नाही” म्हणू नकोस, “येणार आहे” किंवा “येणार नाही” असं अख्खं म्हण — त्या “हो”चे दोन अर्थ निघतात, आणि विचारणारा स्वतःला हवा तोच काढतो.

७. प्लंबर “हओ” म्हणाला म्हणजे काम ठरलं असं धरू नकोस, “कितने बजे?” असं लगेच विचार — “हो” दोन कामं करतो, कधी तो “ऐकलं” असतो आणि कधी “करतो” असतो, वेळ सांगितली की दुसरा पक्का होतो.

८. “पुढच्या मंगळवारी” म्हणू नकोस, तारीख सांग — रविवारी बोलताना कुणाचा पुढचा मंगळवार दोन दिवसांवर असतो आणि कुणाचा नऊ दिवसांवर, आणि दोघांनाही आपलाच खरा वाटतो.

९. फोनवर आकडा सांगताना एकदा म्हणून दाखव आणि एकदा सुटे अंक सांग, “एकोणसत्तर, सहा नऊ” असा — आपल्या घरातली मुलं शाळेत इंग्रजी आकडे शिकतात, बाजारात उनसठ-उनहत्तर ऐकतात आणि आपल्याकडून एकोणसाठ-एकोणसत्तर. क्षणभर डोकं अडखळतं आणि चुकीचा आकडा लिहून मोकळं होतं.

महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात “सत्तावीस”च्या जोडीने “वीस सात” असंही म्हणायला शिकवलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! त्यामागे गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. म्हणताना सात आधी, लिहिताना दोन आधी, यात लहान मूल गोंधळलं तर दोष मुलाचा नाही. घरात “सत्तावीस” जरूर म्हण, मला ते गोडच वाटतं. फक्त भाचरू ७२ लिहून आलं तर रागावू नकोस.

१०. कांचघर चौकातून फोन करत असशील तर महत्त्वाचं काही बोलू नकोस. बोललीसच तर घरी पोचल्यावर तेच लिहून पाठव — हॉर्नखाली बुडालेला शब्द ऐकणाऱ्याचं मन स्वतःच भरून घेतं आणि आपण भरलाय हे त्याला कळतही नाही.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने १९७० साली एका ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दाचा तुकडा कापून तिथे खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांना शब्द अख्खा ऐकू आला. काही गाळलंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. तेव्हा “मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय” असं कुणी छातीठोकपणे म्हणालं, तर ते खोटं बोलत नसतात. त्यांनी खरंच ऐकलेलं असतं. अर्धं कानाने आणि अर्धं मनाने.

११. सासऱ्यांशी बोलताना ओरडू नकोस. टीव्हीचा आवाज बंद कर, समोर जा, तोंड दिसू दे आणि सावकाश बोल — वय झालं की आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणजे “स”, “फ”सारखे. स्वर पोचतो, व्यंजन पोचत नाही, म्हणून तू मागितलेली साखर त्यांना भाकर ऐकू येते.

१२. त्यांना पुन्हा सांगताना तेच वाक्य मोठ्याने म्हणण्यापेक्षा शब्द बदल, “साखर”च्या जागी “चहात घालायची साखर” म्हण — एक शब्द निसटला तरी शेजारचा शब्द त्याला धरून आणतो. ओठ दिसले की ऐकूही जास्त येतं, आपल्यासारख्या चांगल्या कानांच्या माणसांनासुद्धा.

१३. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत आपलं उत्तर जुळवायला घेऊ नकोस — हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड आहे, तरी प्रयत्न कर.

अवघड का, तेही सांगते. दहा वेगवेगळ्या भाषांतल्या माणसांची बोलणी मोजून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, मग भाषा कोणतीही असो. आणि नुसता एक शब्द मनात शोधून तोंडावर आणायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो! म्हणजे आपण सगळेच समोरच्याचं पुरतं ऐकायच्या आत उत्तराची तयारी करत असतो. रोजच्या गप्पांत हे चालतं, त्यातच गप्पांची लज्जत आहे. पण सासूबाई दुखण्याचं सांगत असतील, नवरा पैशाचं बोलत असेल, नणंद रडवेली होऊन आली असेल, तेव्हा वाक्य संपल्यावर एक श्वास घे आणि मग बोल. मराठीत तर क्रियापद आणि “नाही” शेवटी येतं. शेवट ऐकलाच नाही तर माणूस काय म्हणाला ते उलटंच कळायचं.

१४. नीट ऐकू आलं नाही तर बिनदिक्कत “हं?” म्हण — विचारलं तर क्षणाचा संकोच, न विचारलं तर महिन्याचा अबोला.

१५. “हं?”पेक्षाही “शनिवारी म्हणालात की सोमवारी?” असं विचारणं चांगलं — समोरच्याला कळतं की बाकीचं पोचलंय, तेवढा एकच शब्द राहिलाय, आणि सगळं पुन्हा सांगायचा त्याचा त्रास वाचतो.

नवी सून म्हणून विचारायला लाजू नकोस गं. जगभरातल्या बारा भाषांतली घरगुती बोलणी तपासून मार्क डिंगेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली लिहिलं की माणसं सरासरी दर दीड मिनिटाला एकदा तरी “काय म्हणालात?” अशा अर्थाचं काहीतरी विचारत असतात. सख्खी माणसं, आपल्याच भाषेत, आपल्याच अंगणात! म्हणजे न समजणं हे बोलण्याच्या वाटेतलंच आहे, आणि विचारून घेणंही. ज्या घरात कुणीच परत विचारत नाही तिथे सगळ्यांना सगळं समजतंय असा त्याचा अर्थ नाही.

१६. नवऱ्याला निरोप देताना परक्या माणसाला द्यावा तितका पूर्ण दे — परक्याला आपण तपशील देतो, जवळच्याला नुसता इशारा. म्हणून परका वेळेवर पोचतो आणि जवळचा चुकतो.

हा मंत्र नव्या जोडप्यांना पटत नाही. “आम्हाला एकमेकांच्या मनातलं कळतं,” म्हणतात. कळावं, माझा आशीर्वादच आहे. पण केनेथ सॅवित्स्की, बोअझ कायसार वगैरे संशोधकांनी २०११ साली हे तपासून पाहिलं. नवरा-बायकोंना एकमेकांची मोघम वाक्यं ऐकवली, आणि अनोळखी माणसांचीही. आपल्या माणसाला आपलं जास्त कळेल अशी प्रत्येकाची खात्री होती. प्रत्यक्षात नवरा-बायकोला अनोळखी माणसाहून जास्त काही कळलं नाही. खात्री मात्र जास्त होती. “उकडतंय ना आज?” याचा अर्थ “खिडकी उघड” आहे, की “माझं काहीतरी बिनसलंय” आहे, की खरोखरच नुसतं उकडतंय, हे लग्नाला कितीही वर्षं झाली तरी विचारावंच लागतं. मे महिन्यात जबलपूरला बहुतेक वेळा तिसरा अर्थ खरा असतो.

१७. तीन-चारपेक्षा जास्त कामं एका दमात तोंडी सांगू नकोस, चिठ्ठी दे — माणसाच्या मनात एका वेळी साधारण चारच गोष्टी हाताशी राहतात. पाचवी आली की आधीची एखादी निसटते, आणि कुणाची कोणती निसटेल ते सांगता येत नाही.

१८. चेष्टेतली गोष्ट व्हॉट्सॲपवर लिहू नकोस, फोन कर — लिहिताना तुझ्या कानात तुझाच हसरा आवाज असतो, तो अक्षरांबरोबर जात नाही. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या २००५ सालच्या प्रयोगात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटलं होतं, आपला उपरोध शंभरातल्या ७८ वेळा ओळखला जाईल. ओळखला गेला ५६ वेळा, म्हणजे छापा-काट्यापेक्षा थोडाच बरा.

१९. आलेला मेसेज खटकला तर तो एकदा सगळ्यात प्रेमळ आवाजात मनात वाचून बघ — रागात वाचलं की पूर्णविरामसुद्धा दरवाजा आपटल्यासारखा वाटतो.

२०. कुणी तुटक बोललं तर मनात तीन कारणं शोध, त्यातलं एक तरी आपल्याशी संबंध नसलेलं असू दे — आपण तुटक बोलतो तेव्हा आपल्याला आपली डोकेदुखी दिसते, दुसरा बोलतो तेव्हा आपल्याला फक्त त्याचा स्वभाव दिसतो.

२१. इकडे पाहुण्याने चहाला “नको” म्हटलं तर आणखी एकदा विचार, आणि तुला खरंच नको असेल तर कारणासकट सांग, “आत्ताच घेतला” असं — नुसतं “नको” हा काही घरांत नकार असतो आणि काही घरांत होकाराची पहिली पायरी.

२२. दुसऱ्याचा निरोप शक्यतो पोचवू नकोस, “तुम्हीच फोन करा ना” म्हण — निरोप हातोहाती झिजतो आणि झिजलेल्या जागी पोचवणाऱ्याचा सूर चिकटतो.

२३. जुन्या भांडणात “तू नेमकं असंच म्हणाली होतीस” याची उलटतपासणी कधी मांडू नकोस — दोघीही खरं सांगत असतात आणि दोघींचं वेगळं असतं.

या मंत्राशी जरा थांबते, कारण घरं फुटतात ती इथे. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात एक प्रयोग सांगितला आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा त्यांनी इंग्रज माणसांना वाचायला दिली आणि काही काळाने आठवून लिहायला सांगितली. पुनःपुन्हा आठवताना कथा आखूड होत गेली, विचित्र वाटणारे भाग गळाले, आणि होडीचं परकं नाव जाऊन रोजची साधी बोट आली. कुणी मुद्दाम काही बदललं नव्हतं. आठवण ही साठवलेली चिठ्ठी नसते, आपण ती दर वेळी नव्याने लिहितो, आणि हातात असतील ते शब्द घालतो. वर्षापूर्वी हळदीकुंकवाला नणंद काय म्हणाली, हे तू आज तुझ्या आजच्या मनाने लिहिणार आणि ती तिच्या. त्यातून निवाडा निघत नाही. “तेव्हाचं राहू दे, आता तुम्हाला काय हवंय?” एवढं विचारलंस तर बोलणं पुढे सरकतं.

२४. ज्या कामात चूक परवडणार नाही, औषध, पैसे, गाडी, लहान मूल, त्यात ऐकणाऱ्याकडून शब्दन्‌शब्द परत म्हणवून घे — रेल्वेवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

आमचे हे, म्हणजे तुझे काका, रेल्वेत होते, त्यामुळे हा रिवाज या घरात मुरलेला आहे. आपलं जबलपूर २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, तुला गल्लोगल्ली रेल्वेची माणसं भेटतील, कुणालाही विचार. इंजिनातले लोको पायलट आणि त्यांचा सहायक दोघंही सिग्नल मोठ्याने बोलून एकमेकांना सांगतात, दोघांना तो डोळ्यांपुढे दिसत असला तरी. जिथे रेल्वेचं फाटक सिग्नलला जोडलेलं नसतं तिथे स्टेशनमास्तर फोनवर फाटक बंद करायला सांगतात. गेटमन ते बंद करतो आणि आपला प्रायव्हेट नंबर सांगतो, तो वहीत उतरतो, मगच पुढचं काम. नुसत्या “हो साहेब”वर गाडी सोडत नाहीत. विमानाच्या जगाला हा धडा फार महाग पडला. २७ मार्च १९७७ ला तेनेरिफेच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एका वैमानिकाला वाटलं उड्डाणाची परवानगी मिळाली; मनोऱ्यातल्या माणसाला वाटलं तो अजून थांबलाय. दोघंही अनुभवी, दोघंही इंग्रजीत बोलत होते. त्यानंतर ठरलं की “टेकऑफ” हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देतानाच उच्चारायचा, एरवी नाही, आणि वैमानिकाने हुकूम जसाच्या तसा परत म्हणायचा. तेव्हा सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ तू त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलीस तर त्यांना राग येणार नाही. उलट या सुनेला रेल्वेचा कायदा कळतो म्हणून कौतुक करतील.

२५. रात्री बारानंतरच्या गाडीचं तिकीट कुणाला सांगताना दोन्ही वार सांग, “मंगळवारी रात्री झोपायच्या वेळी निघायचं, तिकिटावर तारीख बुधवारची” असं — साडेबाराची गाडी तिकिटाच्या हिशेबाने दुसऱ्या दिवसाची आणि माणसाच्या हिशेबाने त्याच रात्रीची असते.

२६. तुझ्या माहेरची माणसं येतील तेव्हा त्यांना नुसतं “जबलपूरला उतरा, स्टेशनच्या बाहेर उभे राहा” असं कळवू नकोस. मदनमहलला उतरायचं नाही, पुढच्या मोठ्या स्टेशनला उतरायचं, आणि बाहेर पडायचं ते एक नंबर फलाटाकडून की सहा नंबरकडून, हे लिही — दोन्हीकडे बाहेर जायचा रस्ता आहे, दोन्हीकडे रिक्षा उभ्या असतात, आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपलीच बाजू “बाहेर” वाटते. लिहून झालं की बाबांना म्हणावं, “वाचलंत ते मला एकदा सांगा बरं,” आणि मग काकांना गाडी घेऊन पाठव.